घरचा वजनकाटा आणि हृदयाचे पाणी



निचरा नसलेल्या रानात पाणी तुंबते व ऊस पिवळा पडतो. हृदय कमजोर झाले की शरीराचेही तसेच होते. पंप कमी पडतो, मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी पायांत, पोटात, फुप्फुसांत साचते. अशा रुग्णाची घरी कशी काळजी घ्यावी, ते आम्ही येथे सांगत आहोत.

१) वजन : रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. १ लिटर पाणी साचले की सुमारे १ किलो वजन वाढते. सूज दिसण्याआधी काटा बोलतो. ३ दिवसांत २ किलो वाढले, की डॉक्टरांना गाठावे.

२) पाणी : डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल, तर सकाळीच तेवढे पाणी मोजून ठेवावे. चहा, दूध, ताक घेतले की तेवढे त्यातून कमी करावे.

३) मीठ : दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पापड, लोणचे, फरसाण बंद. सैंधवही मीठच!

४) गोळ्या : सारखे उठावे लागते म्हणून लघवीची गोळी परस्पर बंद करू नये. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांतल्या बऱ्याच पाणी धरतात. जुलाब-उलट्या होऊन चक्कर आली, तरी डॉक्टरांना विचारावे.

आडवे पडताच दम लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

उसाचे वजन आपण किलोपर्यंत तपासतो. घरच्या माणसाचेही तसेच तपासू या.