पोफळीमागचे रान

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्हा सह्याद्रीच्या अरण्यात वसला असून काळी, गंगावळी, अघनाशिनी व शरावती या नद्या येथेच सागरास मिळतात. कदंबांची राजधानी बनवासी व याण येथील काळे सुळके प्रवाशांस परिचित आहेत. शिरसीच्या पोफळीबागा मात्र अधिक अभ्यसनीय होत. बागेस लागणारा हिरवा पाला शेजारच्या रानातून येतो. या राखीव रानास ‘सोप्पिन बेट्ट’ म्हणतात. साहजिकच रान तुटले की बाग खचते. नैसर्गिक वनाच्या जागी साग-निलगिरीची लागवड होऊ लागली, तेव्हा सप्टेंबर १९८३ मध्ये सळकणीच्या ग्रामस्थांनी वृक्षांना मिठी मारून तोड रोखली. कन्नडमध्ये मिठी मारणे म्हणजे ‘अप्पिको’. हिमालयातील चिपकोपासून ही स्फूर्ती मिळाली, हे खरे. परंतु तिच्यामागे बागाईतदाराचा रोखठोक हिशेबही होता.