बचाव होडीचे यंत्र सुरू का होत नाही?

सन २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णा व पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरकडील अनेक गावांना वेढा घातला. अशा वेळी गावाला होडीचाच आधार उरतो. परंतु ही होडी वर्षातील बहुतेक काळ छपराखाली पडून असते आणि पाणी चढू लागले की घाईघाईने बाहेर काढली जाते. किल्ली फिरवावी, ‘टक्’ असा आवाज यावा आणि यंत्र मात्र जागचे हलू नये, हा प्रकार नेमका त्याच वेळी घडतो. सोलेनॉइड निकामी झाला असे समजून नवा आणण्यात येतो. अनेकदा दोष त्यात नसून त्याला जोडलेल्या तारांत असतो.

होडीच्या मागील बाजूस बसविलेल्या मध्यम शक्तीच्या यंत्राचा स्टार्टर फिरताना शंभर अँपिअरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक प्रवाह घेतो. किल्लीच्या बारीक तारांतून एवढा प्रवाह नेणे शक्य नसते. म्हणून किल्लीचा अल्प प्रवाह सोलेनॉइडच्या वेटोळ्याला दिला जातो. त्याच्या चुंबकत्वाने आतील पट्टी ओढली जाते आणि बॅटरीचा जाड मार्ग स्टार्टरला जोडला जातो. शेतातील पंपाच्या स्टार्टरपेटीचे कामही याच तत्त्वावर चालते. सोलेनॉइडवर दोन जाड खुंट्या असतात आणि सामान्यतः दोन बारीक. दोष बारीक मार्गात आहे की जाड मार्गात, हे प्रथम ठरवावे.

मात्र तपासणीपूर्वी गिअर मधल्या स्थितीत आहे याची खात्री करावी, पंख्याजवळ कोणालाही उभे राहू देऊ नये आणि पेट्रोलची टाकी दूर ठेवावी. पेचकसाने दोन जाड खुंट्या जोडून पाहण्याची पद्धत प्रचलित असली तरी तीत मोठी ठिणगी उडते. पेट्रोलच्या वाफेजवळ ती घातक आहे.

किल्ली फिरवूनही आवाज मुळीच येत नसेल, तर दोन बारीक खुंट्यांमध्ये मीटर लावावा. तेथे सुमारे १२ व्होल्ट मिळत असूनही पट्टी ओढली जात नसेल, तर सोलेनॉइड खरोखरच गेला. दाब मिळत नसेल, तर फ्यूज, किल्ली, गिअर मधल्या स्थितीत नसताना प्रवाह तोडणारा स्विच आणि अर्थची तार क्रमाने पाहावी.

आवाज येतो, पण स्टार्टर फिरत नाही, ही तक्रार अधिक आढळते. पूर्ण भारलेली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. किल्ली फिरविताच हा दाब साडेनऊच्या खाली गेला, तर प्रथम बॅटरीचा विचार करावा. दाब बारापर्यंत टिकून राहिला, तर जाड मार्ग कोठेतरी अडला आहे. आता सहायकाने किल्ली धरून ठेवावी (एका वेळी दहा सेकंदांहून अधिक नाही) आणि मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, तर दुसरे तिच्यावर आवळलेल्या तारेच्या कडीवर टेकवावे. निर्दोष सांध्यावर मीटर जवळजवळ शून्य दाखवितो. जेथे काही व्होल्ट दिसतात तेथेच दोष असतो. याच रीतीने पुढील प्रत्येक सांधा, सोलेनॉइडच्या दोन जाड खुंट्या आणि शेवटी ऋण बाजूची तार तपासावी. ही ऋण तारच बहुधा विसरली जाते. दाब स्टार्टरपर्यंत पूर्ण पोहोचत असेल, तर स्टार्टर कारागिराकडे द्यावा.

ओलाव्याने तांब्यावर हिरवा थर चढतो आणि तो प्लॅस्टिकच्या आवरणाखाली शिरल्यास बाहेरून तार चांगलीच दिसते. कोकणातील खाऱ्या पाण्यात तर हे फार लवकर घडते. नवा सोलेनॉइड बसविताना सांधे सोडले-आवळले जाऊन आपोआप घासले जातात. यंत्र सुरू होते आणि श्रेय मात्र नव्या भागाला मिळते!

ग्रामपंचायतीने ही तपासणी मे महिन्यातच करून घ्यावी. आधी बॅटरीची ऋण तार सोडावी, सांधे चकाकेपर्यंत घासावेत, घट्ट आवळावेत व त्यांवर ग्रीस लावावे. ऋण तार सर्वांत शेवटी जोडावी. हिरवी पडलेली तार कापून नवी कडी दाबून बसवावी. अनेक यंत्रांबरोबर हाताने सुरू करण्याची दोरी मिळते. ती होडीतच ठेवावी आणि ती ओढण्याचा सराव किमान दोघांना असावा.