घाटात कुत्र्याला झोपेची गोळी द्यावी का?

प्रश्न : आमचा मोती नऊ वर्षांचा आहे. मे महिन्यात त्याला गाडीने पुण्याहून रत्नागिरीला न्यायचंय. पण आंबा घाटात तो लाळ गाळतो, उलट्या करतो. शेजारी म्हणतात, झोपेची अर्धी गोळी द्या. देऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नका देऊ. माणसांची गोळी तर मुळीच नको. गुंगीने मळमळ थांबतेच असं नाही. उलट गुंगीत झालेली उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. शिवाय कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. मे महिन्यात गुंगीने ते मंदावणं जिवावर बेतू शकतं.

पण मोतीला मागे ठेवायची गरज नाही. कुत्र्यांसाठी मळमळ थांबवणारं ‘मॅरोपिटंट’ हे औषध आहे. तपासून, वजन करून तुमचे डॉक्टरच डोस ठरवतील. आतापासून रोज त्याला गाडीतून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणा, सीटवर त्याचीच जुनी, न धुतलेली चादर अंथरून. निघण्याआधी चार तास जेवण नको, पाणी थोडं थोडं चालेल. पहाटेच निघा. चहाला थांबलात तरी बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही सोडू नका.

गाडीऐवजी रेल्वेने जायचं ठरवलंत, तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आरक्षित करा, म्हणजे तो सोबत राहील. गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी मात्र या वयात मी सुचवणार नाही.