यंत्र-कारभाऱ्यास साधनाचें वर्णन कसें लिहून द्यावें

गांवीं जमीन व मुंबईंत चाकरी अशा दुहेरी संसाराचे अनेक शेतकरी-बंधु गिरगांव, दादर, परळ, लालबाग या भागांत राहतात. उतारा हवा असतां त्यांस पूर्वीं गांवच्या भावास पत्र घालावें लागे. आतां असलीं कामें कृत्रिम बुद्धीच्या एजंटावर सोंपविण्याचे दिवस आले आहेत. हा एजंट नुसतें उत्तर देत नाहीं. नोंद शोधणें, भाव पाहणें, अर्ज भरणें अशीं जीं साधनें त्याच्या हातीं दिलेलीं असतात, त्यांतून एक निवडून काम उरकतो. हीं साधनें तयार करणारांत आपलींच शिकलेलीं मुलें आहेत. त्यांच्यासाठीं व त्यांजकडून काम करवून घेणाऱ्या वडीलमंडळींसाठीं हा पाठ आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. साधनाच्या पोटांतील रचना एजंटास सहसा दिसत नाहीं. त्यास मुख्यतः तीन गोष्टी दिसतात: साधनाचें नांव, त्याचें शब्दांत लिहिलेलें वर्णन, आणि त्यास पुरवावयाच्या माहितीची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या पद्धतींतहि हींच मुख्य अंगें आहेत. कचेरींतील नवा कारकून अडला तर शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंट पुष्कळदां तर्कानेंच पुढें जातो.

समजा, लालबागच्या चाळींतील एका गृहस्थास रत्नागिरी जिल्ह्यांतील आपल्या आंब्याच्या बागेवर पीककर्ज काढावयाचें आहे. तो एजंटास सांगतो, "आमच्या जमिनीचा उतारा काढ." एजंटाजवळ चार साधनें आहेत, व चारांवरहि "जमिनीची माहिती देतें" एवढेंच लिहिलें आहे. आतां गांव नमुना ७ हक्काचा व १२ पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा. ८अ मध्यें एका खातेदाराची त्या गांवांतील सर्व जमीन एकत्र येते. नमुना ६ फेरफारांचा. मुंबई शहरांत तर सातबाराच्या जागीं मालमत्ता पत्रक व सी. एस. नंबर. गृहस्थ लालबागचा म्हणून एजंट मालमत्ता पत्रक शोधूं लागला, तर वेळ फुकट गेला. त्याहून वाईट हें कीं, नुसता पाहण्यापुरता असलेला विनामूल्य सातबारा आणून त्यानें "काम झालें" म्हणून सांगावें, बँकेनें तो परत करावा, आणि तोंवर कर्जाची मुदत टळावी. नांव यंत्राचें खराब होतें. खरा दोष तीन शब्दांत वर्णन उरकणाराचा.

तेंच वर्णन असें लिहावें:

"सहीचा सातबारा आणणें. महाराष्ट्रांतील ग्रामीण जमिनीच्या एका सर्व्हे अथवा गट क्रमांकाचा, डिजिटल सहीचा सातबारा आणतें. बँकेस वा कचेरीस द्यावयाचा असतां वापरावें. केवळ पाहावयाचा असल्यास 'सातबारा पाहणें' आणि खातेदाराची सर्व जमीन हवी असल्यास 'आठ-अ आणणें' हें साधन घ्यावें. मुंबई शहरांतील मिळकतीस वापरूं नये. लागणारी माहिती: जिल्हा, तालुका, गांव व हिश्श्यासह क्रमांक, उदाहरणार्थ ४५/२. पत्ता जमिनीचा घ्यावा, मालकाच्या राहण्याचा नव्हे. शुल्क पडतें, आधीं विचारावें. नोंद न सापडल्यास तसें सांगावें. दुसऱ्या क्रमांकाचा उतारा देऊं नये."

यावरून चार नियम निघतात.

१. साधन केव्हां वापरावें याबरोबर केव्हां वापरूं नये हेंहि लिहावें, व त्या वेळीं कोणतें घ्यावें त्याचें नांव द्यावें.

२. प्रत्येक आंकड्याचें माप सांगावें. सातबारावरील क्षेत्र हेक्टर-आरमध्यें असतें; हेक्टरचे १०० आर, पण एकराचे ४० गुंठे. ०.४० हेक्टर म्हणजे सुमारें एक एकर. तोच आंकडा एकर समजून वाचला तर जमीन १६ गुंठ्यांवर येते! दादरच्या फुलबाजारांतील झेंडूचा भाव किलोचा कीं क्विंटलचा, हेंहि असेंच स्पष्ट हवें.

३. साधन नोंद वाचतें कीं बदलतें, हें ठळक लिहावें. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतः पिकाची नोंद करूं लागला. अशी नोंद करणाऱ्या साधनावर "पीक व क्षेत्र वाचून दाखवून मालकाचा होकार घेतल्यावांचून चालवूं नये" हें वाक्य अवश्य असावें.

४. पाल्हाळ नको. एजंटापुढें सर्व साधनांचीं वर्णनें पुष्कळदां एकदमच येतात. स्तुतीचे शब्द घातल्यास कामाचे शब्द त्यांत बुडतात.

लिहून झाल्यावर परीक्षा घ्यावी. चाळींतल्या माणसांच्या तोंडचे दहा खरे प्रश्न एजंटास घालावे. जेथें तो चुकेल, तेथें त्यास दोष देण्यापूर्वीं कोणत्या शब्दानें त्यास भुलविलें तें शोधावें व तो शब्द दुरुस्त करावा.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. गांवचे एकवीस नमुने. प्रत्येकास क्रमांक, प्रत्येकाचें काम ठरलेलें. त्यामुळें एका तलाठ्यानें लिहिलेलें दप्तर त्याच्या मागून आलेल्या अनोळखी तलाठ्यास वाचतां येई. यंत्र-कारभारी हाहि असाच मागून आलेला अनोळखी इसम आहे. त्याच्या हातीं आपलें शेत द्यावयाचें, तर लिहितांना हात आंखडूं नये.