ऑफिस मशीन रिपेअरिंग: इलेक्ट्रिक स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा की हाताचा?



प्रिंटर, झेरॉक्स मशीन, स्कॅनर दुरुस्तीचं काम सुरू करायचं ठरलं की टूलकिटच्या यादीत इलेक्ट्रिक स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात वर येतो. दिसायला भारी, बटण दाबलं की काम. पण पैसे टाकायच्या आधी थोडा हिशेब करू.

समजा, हाताने एक स्क्रू काढायला किंवा लावायला 12 सेकंद लागतात आणि इलेक्ट्रिकने 5. म्हणजे प्रत्येक वेळी 7 सेकंद वाचले. आता तुम्ही ऑफिसमध्ये व्हिजिटला गेलात. कागद ओढत नाही, जॅम होतोय, अशी तक्रार आहे. सहा स्क्रू काढले, सहा परत लावले: 84 सेकंद वाचले. दीड मिनिटसुद्धा नाही! तुमचा खरा वेळ जातो ट्रॅफिकमध्ये, दोष शोधण्यात आणि बिलावर सही करणारे साहेब मीटिंगमधून बाहेर येईपर्यंत.

याउलट, तुम्ही जुन्या मशीन विकत घेता, दुकानात पूर्ण खोलता, साफ करून विकता असं धरा. एका मशीनचे 150 स्क्रू काढून लावायचे असतील तर 35 मिनिटं वाचतात, शिवाय मनगट वाचतं. इथे इलेक्ट्रिक पैसे वसूल करतो. म्हणून आधी ठरवा, तुमचा धंदा व्हिजिटचा आहे की टेबलावरचा. सुरुवात बहुतेकांची व्हिजिटनेच होते.

आता नुकसानीची बाजू, आणि ही जास्त महत्त्वाची. प्रिंटरचे बरेच स्क्रू थेट प्लास्टिकच्या भोकात बसतात. तीन मिलिमीटरच्या अशा स्क्रूला साधारण अर्धा ते पाऊण न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क पुरतो. बऱ्याच 12 व्होल्टच्या ड्रिल-ड्रायव्हरची ताकद 20 न्यूटन-मीटरच्या पुढे असते. क्लच वर ठेवून बटण दाबलंत की प्लास्टिकचे आटे गेलेच. जुन्या मशीनचं, फ्यूझरच्या उष्णतेने कडक झालेलं प्लास्टिक तर सरळ तडकतं. मग कव्हर खडखडतं, आणि आतलं काम तुम्ही कितीही चांगलं केलेलं असो, ग्राहक म्हणतो, “हे आल्यापासूनच मशीन आवाज करतंय.” वार्षिक मेंटेनन्सचा करार अशा एका आवाजावर जातो.

हाताच्या ड्रायव्हरने बोटांना कळतं. स्क्रू लावताना आधी उलटा, म्हणजे सुटण्याच्या दिशेने, हलकेच फिरवा. ‘टक्’ करून किंचित खाली बसल्यासारखं वाटेल. तिथे जुने आटे जुळले. आता सुलटा फिरवा. असं केलं की प्लास्टिकमध्ये नवे आटे पडत नाहीत आणि जुनी पकड टिकते. मोटर चालू असताना तो ‘टक्’ हाताला लागत नाही.

पेनसारखा छोटा इलेक्ट्रिक ड्रायव्हर मिळतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याची मोटर मुद्दाम कमी ताकदीची असते. सैल झालेला स्क्रू भराभर बाहेर काढायला छान, पण पहिला घट्ट पीळ आणि शेवटचा पीळ हातानेच द्यायचा. लॅपटॉप, छोटे प्रिंटर यांना तो चालतो. मोठ्या कॉपियरच्या धातूच्या फ्रेममधल्या स्क्रूपुढे तो दमतो. आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर? तो सुताराला राहू द्या.

मग पहिले पैसे कशावर? माझं मत स्पष्ट आहे: चांगल्या टोकाच्या हाताच्या ड्रायव्हरवर. कॅनन, रिकोह, क्योसेरा, कोनिका मिनोल्टा या जपानी कंपन्या आहेत, आणि जपानी मशीनमध्ये जेआयएस पद्धतीच्या फुलीचे स्क्रू खूप सापडतात. बऱ्याचदा डोक्यावर फुलीशेजारी एक बारीक ठिपका असतो. साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि फुली खाऊन टाकतो. त्यामुळे दोन नंबरचा एक जेआयएस ड्रायव्हर, तोच लांब दांड्याचा आणखी एक (खोल भोकांसाठी), एक नंबरचा एक, आणि टॉर्क्स बिटांचा छोटा सेट घ्या. टोक झिजलं की टाकून द्या, जीव अडकवू नका.

टोक चुंबकीय हवं, कारण स्क्रू गिअरमध्ये पडला तर अर्धं मशीन खोलावं लागतं. मात्र डेव्हलपर युनिटजवळ काम केल्यावर टोक पुसा. तिथल्या पावडरमध्ये लोखंडी कण असतात आणि ते चिकटून बसतात.

पुढे काम वाढलं, टेबल लागलं, की क्लच असलेला हलका इलेक्ट्रिक घ्या. क्लच एकवर ठेवून सुरुवात करायची आणि गरजेपुरताच वाढवायचा. खोलायला इलेक्ट्रिक, बंद करायला हात.

एक शेवटचं, दोन्हींना लागू. काढलेले स्क्रू एका वाटीत टाकू नका. पुठ्ठ्यावर मशीनचं ढोबळ चित्र काढा आणि जिथला स्क्रू तिथेच खोचा. आखूड जागी लांब स्क्रू गेला तर तो पलीकडच्या बोर्डाला जाऊन टेकतो, आणि बोर्डाचं बिल दिवसाच्या कमाईपेक्षा मोठं असतं.