डांबरी रस्त्याला भेगेजवळ उंचवटा का येतो?

पोलादपूरहून घाट चढताना एसटीच्या मागच्या बाकावर बसलात की हा धडा अर्धा तिथेच होतो! भेगेवर चाक आपटतं आणि तिच्या काठच्या उंचवट्यावर आपण सीटवरून उडतो. भेग पडली हे समजतं, पण तिच्या काठाला डांबर वर का येतं?

थंड देशांत याचं कारण बर्फ. भेगेत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि वरचा थर उचलतं. आपल्याकडे बर्फ कुठला? सोलापूर, मराठवाड्याकडे काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, रस्ताही तिच्याबरोबर वरखाली होतो. महाड-पोलादपूरची तांबडी माती तेवढी फुगत नाही.

आपल्याकडे खरं काम करतं ते पावसाचं पाणी. ते भेगेतून खाली खडी-मुरुमाच्या थरात उतरतं. वरून भरलेला ट्रक गेला की दाबाने परत वर येतं, आणि येताना बारीक माती घेऊन येतं. पावसाळ्यात भेगेभोवती तांबडा गाळ दिसतो ना, तो हाच. खाली पोकळी झाली की एक कड खचते आणि दुसरी उंच वाटते. म्हणजे पुष्कळदा डांबर वर आलेलंच नसतं, शेजारचं खाली गेलेलं असतं!

उतारावर मात्र खरा उंचवटाही येतो. उन्हाने डांबर मऊ पडतं, अवजड गाड्या ब्रेक दाबतात, थर पुढे सरकतो आणि भेगेपाशी त्याची घडी पडते.

ओळखायचं कसं? रहदारी नसलेल्या गावरस्त्यावर, मोठ्या माणसाला सोबत घेऊन, भेगेवर आडवी दोरी ताणून धरा. दोरी उंचवट्यावर टेकून वर उचलली गेली तर डांबर वर आलंय. दोरीखाली एका बाजूला फट दिसली तर ती बाजू खचली आहे.

दुरुस्तीत नेहमीची चूक म्हणजे वरून डांबर-खडी ओतून मोकळं होणं. पहिल्याच पावसात ते निघतं. खचलेला भाग चौकोनी कापून ओली माती काढायची, कोरडी खडी-मुरूम थराथराने दाबून भरायची, कडांना पातळ डांबर लावून गरम मिश्रण घालायचं आणि रोलर फिरवायचा. घडी पडली असेल तर तो थर खरवडून काढावा लागतो. साध्या भेगा उन्हाळ्यातच साफ करून डांबराने बुजवाव्यात. पण बाजूचं गटार तुंबलेलं असेल तर हे सगळं वाया, कारण पाणी बाजूनेही शिरतं.

एक भेग मात्र वेगळी. कशेडी घाटात भोगावजवळ रस्ता वारंवार खचत आलाय. अशा ठिकाणी दरीच्या बाजूला चंद्रकोरीसारखी भेग दिसली तर दोष डांबराचा नसून खालचा उतारच सरकत असू शकतो. ती नुसती बुजवली तर खूणच पुसली जाते. तिच्या दोन्ही काठांवर रंगाचे ठिपके देऊन पावसाळ्यात अंतर मोजत राहावं लागतं. हे काम बांधकाम खात्याचं. आपण लांबूनच पाहायचं आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवायचं.