गाळात व विहिरीत सापडणारे कासव : हाताळणी, ऊन आणि सुटका

पैठणच्या नाथसागराचे पाणी उन्हाळ्यात उतरू लागले म्हणजे काठावरील गावांत दोन कामांची घाई उडते. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करणे हे एक, आणि शेतात पसरण्यासाठी गाळ वाहून नेणे हे दुसरे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली सुरू झाल्यापासून गावतळी व पाझर तलाव यांतूनही यंत्राने गाळ काढला जातो. हे काम चालू असता खोऱ्यातून किंवा नांगराच्या तासातून चिखलाने माखलेले एखादे कासव वर येते. ते हालचाल करीत नाही, डोके आत ओढून घेतलेले असते. पाहणाऱ्यास ते मेलेलेच वाटते. पुष्कळदा ते मेलेले नसते. पाणी आटल्यावर ओल्या गाळात स्वतःस पुरून घेऊन पावसाची वाट पाहणे, हा या प्राण्याचा उन्हाळा काढण्याचा नेहमीचा मार्ग आहे.

अशा वेळी त्या कासवाचे काय होते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. कोणी ते मुलांना खेळावयास म्हणून घरी नेतो, कोणी पाणी स्वच्छ राहील म्हणून विहिरीत सोडतो, तर कोणी दयाबुद्धीने नदीच्या खोल पाण्यात फेकतो. तिन्ही ठिकाणी हेतू वाईट नसतो, आणि तिन्ही ठिकाणी कासव मरण्याचा संभव असतो. म्हणून ते उचलावे कसे, ठेवावे कोठे आणि त्यास ऊन किती द्यावे, याची माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबास असणे अगत्याचे आहे.

कासव कोणते ते प्रथम ओळखावे

आपल्या भागात अधिक आढळते ते मऊ पाठीचे कासव. त्याच्या पाठीवर खवल्यांऐवजी चामड्यासारखे आवरण असते आणि पोटाच्या मागील बाजूस कातडीच्या दोन झडपा असतात. पाय आत घेतल्यावर या झडपा दारासारख्या मिटतात. विहिरीत दिसते ते बहुधा हेच. गोगलगाई, बेडूक, मासे, मेलेले जीव व पाणवनस्पती असे सर्व काही ते खाते. गोदावरीच्या पात्रात लीथचे मृदुकवच कासव या नावाची आणखी एक जात आहे. ती याहून पुष्कळ मोठी होते, तिची मान लांब असते आणि चावा फार जोराचा असतो. ही जात भारताच्या द्वीपकल्पी नद्यांखेरीज जगात अन्यत्र नाही, आणि आज ती अतिसंकटग्रस्त गणली जाते. कठीण पाठीचे काळे कासव ओढे, तळी व भातखाचरे यांच्या आश्रयाने राहते.

चौथे म्हणजे तारका कासव. घुमटासारख्या उंच पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या, आणि पाय हत्तीच्या पायासारखे खांबवजा. हे आपल्याकडचे नव्हे. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागातून व दक्षिणेकडील राज्यांतून ते पकडून आणून चोरून विकले जाते. याची ओळख पटणे विशेष महत्त्वाचे, कारण हे केवळ जमिनीवर राहणारे कासव आहे व त्यास पोहता येत नाही. पायाची बोटे पडद्याने जोडलेली असतील तर कासव पाण्यातले समजावे. पाय खांबासारखे असतील तर ते जमिनीवरचे होय, आणि ते नदीत सोडणे म्हणजे बुडवून मारणे होय.

उचलण्याची रीत

कासवाची ढाल ही शंखासारखी वरून चढविलेली वस्तू नाही. पाठीचा कणा व फासळ्या मिळूनच ती बनलेली असते, तिच्यात रक्त खेळते आणि तिला वेदना होतात. ढालीच्या कडेस भोक पाडून दोरी बांधणे, तिच्यावर रंग देणे किंवा नाव कोरणे हे प्रकार किती क्रूर आहेत, हे यावरून ध्यानी यावे.

कठीण पाठीचे कासव दोन्ही हातांनी उचलावे. पुढील व मागील पायांच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी कवच धरून बोटे पोटाखाली घ्यावी. मऊ पाठीचे कासव बाजूने धरू नये, कारण मान लांबवून ते हाताचा चावा घेते. त्यास मागील कडेने, मागच्या पायांच्या लगत धरावे व दुसऱ्या हाताने पोटाखाली आधार द्यावा. जनावर मोठे असेल तर हात न लावता ओले गोणपाट टाकून घमेल्यात किंवा टोपल्यात सरकवून घ्यावे. शेपूट किंवा पाय धरून कासव कधीही लोंबकळू देऊ नये. हातातून सुटून पडल्यास ढालीला तडा जातो, म्हणून जमिनीपासून वीतभर उंचीवरूनच न्यावे. उताणे तर मुळीच ठेवू नये. कासवाची फुप्फुसे पाठीलगत असतात, आणि उताणे पडल्यावर पोटातील सर्व अवयवांचा भार त्यांवर येतो.

कासवाने चावा घेतल्यास झटका देऊन हात ओढू नये. त्यास जमिनीवर टेकवावे किंवा पाण्यात धरावे, म्हणजे ते आपण होऊन सोडते. उचलताच पुष्कळ कासवे मूत्र टाकतात. ही केवळ घाण नव्हे. कोरड्या दिवसांत साठविलेले पाणीच ते भीतीने गमावीत असते. तेव्हा पुन्हा पुन्हा उचलणे, शेजाऱ्यांस दाखविणे व छायाचित्रासाठी हातोहात फिरविणे टाळावे.

हाताळून झाल्यावर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि त्यांपासून जुलाब व ताप येतो. लहान मुलांना हा रोग जड जातो. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी करण्यात आली. कासव ठेवलेले घमेले स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नये.

घरी ठेवता येते काय ?

याचे उत्तर स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशी कासव पकडणे, पाळणे, विकणे व विकत घेणे हा गुन्हा आहे. झडपांचे मऊ पाठीचे कासव व तारका कासव ही दोन्ही अनुसूची १ मध्ये आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कारावास व किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. असा प्राणी कोणत्याही कारणाने आपल्या ताब्यात आला तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा वनाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. वन विभागाची १९२६ क्रमांकाची मदतवाहिनी यासाठी उपयोगी पडते. नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य असल्यामुळे या भागास वन्यजीव कर्मचारी नवखे नाहीत.

वीस नखांच्या कासवापासून धनलाभ होतो, या भ्रमापायी फसवणारे व फसणारे दोघेही तुरुंगात जातात. मऊ पाठीच्या कासवास प्रत्येक पायावर तीनच नखे असतात, हे तरी मोजून पाहावे !

कळविल्यापासून वनकर्मचारी येईपर्यंतचा काळ मात्र आपल्या हाती असतो. त्या अवधीत हवा खेळेल अशा उंच काठाच्या टोपल्यात किंवा टबात कासव ठेवावे. पाण्यातील कासवाखाली ओले गोणपाट अंथरावे, जमिनीवरील कासवाखाली कोरडे गवत. खोल पाण्यात ठेवू नये, अशक्त कासव त्यात बुडते, कारण तेही आपल्यासारखेच हवेत श्वास घेते. दूध, भात, पोळी यांपैकी काहीही देऊ नये. निरोगी कासव दोन दिवस उपाशी राहिल्याने त्याचे काही बिघडत नाही, पण नको ते खाऊ घातल्याने बिघडते. कुत्र्यापासून ते विशेष जपावे. कुत्रा ढाल हाडकासारखी चावतो.

ऊन व सावली

कासवाचे रक्त आपल्या रक्ताप्रमाणे आपोआप उबदार राहत नाही. अन्न पचविण्यास व रोगाशी झगडण्यास लागणारी ऊब ते बाहेरून घेते. शिवाय उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, आणि त्यावाचून अन्नातील चुना हाडांस व ढालीस लागत नाही. खोलीत किंवा काचेच्या पेटीत वर्षानुवर्षे कोंडलेल्या कासवाची पाठ मऊ पडते, वाकडी होते, ती याचमुळे. काचेतून येणारे ऊन उजेड देते, पण हे किरण बहुतांशी अडविते. खिडकीत ठेवलेले कासव ऊन घेत आहे, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

ऊन हवे, पण मराठवाड्याचे ऊन कसे असते ते येथील वाचकांस सांगावयास नको. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. टबात, पत्र्यावर किंवा फरशीवर उघड्या उन्हात ठेवलेले कासव थोड्याच वेळात मरते. त्यास तेथून हलून सावली गाठता येत नाही, हे मरणाचे खरे कारण. म्हणून ऊन देण्याचा मुख्य नियम एकच : कासवास उन्हातून सावलीत आपण होऊन जाता आले पाहिजे. मातीच्या जमिनीवर विटांचे चौकोनी कुंपण करावे, अर्ध्या भागावर गोणपाट किंवा पळसाच्या फांद्यांचे छत घालावे व हनुवटीपर्यंत येईल इतक्याच पाण्याचे पसरट भांडे सावलीत ठेवावे. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत अर्धा तास पुरे. पौष-माघात उलट, दव सुकून जमीन तापेपर्यंत थांबावे. जवळ कोणी तरी बसून राहावे, कारण कासव वाटते त्याहून चपळ असते, माती उकरून निसटते, आणि वर कावळे व घारी असतात. तोंड उघडून धापा टाकू लागल्यास किंवा तोंडास फेस आल्यास तत्काळ सावलीत न्यावे व साध्या उथळ पाण्यात ठेवावे. बर्फाचे पाणी वापरू नये.

विहीर आणि शेततळे

विहिरीत कासव असले म्हणजे पाणी शुद्ध राहते, हा समज महाराष्ट्रात सर्वत्र आहे. ते किडे व मेलेले बेडूक खाते हे खरे. परंतु त्याची विष्ठाही त्याच पाण्यात पडते, तेव्हा पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण चुकत नाही. जुन्या बारवेस पायऱ्या व कोनाडे असत. तेथे कासव वर येऊन बसे, ऊन घेई. आजच्या सिमेंटच्या कड्यांच्या विहिरीस उभ्या गुळगुळीत भिंती असतात. तीत टाकलेल्या कासवास बसावयास वीतभर जागा नाही, ऊन नाही, आणि मादीस अंडी घालण्यास माती नाही. ते मरेपर्यंत पोहत राहते. नवे कासव विहिरीत सोडू नये, व जुने असल्यास ते काढून घेण्यासाठी वन विभागास कळवावे. तोपर्यंत दोन बंद डबे व बांबू यांचा लहानसा तराफा करून, ऊन पडते त्या बाजूस दोरीने बांधावा व त्यास एक खडबडीत फळी पाण्यात उतरती लावावी.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचा धोका याहून मोठा आहे. पाणी पाहून कासवच नव्हे तर कुत्री, ससे, सापही त्यात उतरतात, आणि निसरड्या उतारावरून कोणासही वर येता येत नाही. चारही कोपऱ्यांत काथ्याची जाळी किंवा गाठी मारलेले जाड दोर काठावरील खुंटास बांधून पाण्यात सोडावेत. खर्च अल्प आहे, आणि घरातले मूल पाय घसरून पडल्यास तोच दोर त्याच्याही हाती येतो.

सोडणे

गाळातून निघालेले, इजा न झालेले कासव यंत्राच्या वाटेतून बाजूला काढून, त्याच तळ्याच्या न उकरलेल्या कडेस, ओल्या चिखलावर संध्याकाळी ठेवावे. पाण्यात फेकू नये. सुस्त असलेल्या कासवास स्वतःच्या पायांनी पाण्यात शिरू द्यावे. दूरच्या नदीत नेऊन सोडल्याने पुण्य लागते असे नाही. तेथील निवारा त्यास ठाऊक नसतो व रोग मात्र सोबत जातो. दुकानातून आणलेले, कानामागे तांबडा पट्टा असलेले हिरवे कासव तर नाथसागरात किंवा विहिरीत कधीही सोडू नये. ते अमेरिकेचे आहे, जेथे गेले तेथे त्याने स्थानिक कासवांचे अन्न व ऊन घेण्याच्या जागा बळकावल्या आहेत. ते नकोसे झाल्यास वन विभागाकडेच विचारणा करावी.

ढालीस तडा गेला असल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन धुतलेल्या फडक्यात गुंडाळावे. हळद, तेल, चुना किंवा डिंक लावू नये. वनकर्मचाऱ्यांमार्फत पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. मासेमारी करणाऱ्या बांधवांनी गळ गिळलेल्या कासवाचा दोर ओढू नये, घशातील मांस फाटते. वीतभर दोर बाहेर ठेवून कापावा. रात्रभर पाण्यात राहणाऱ्या जाळ्यात अडकलेले कासव गुदमरते, म्हणून जाळे लवकर तपासावे.

कासवी आपल्या पिलांस नुसत्या दृष्टीने पोसते, हा दृष्टान्त संतवाङ्मयातून आपल्या कानी पडलेला आहे, आणि नाथांच्या पैठणात तरी तो कोणास नवा नाही. प्रत्यक्षात कासवी काठावरील मातीत खड्डा करून अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पुढे ती वळूनही पाहत नाही. मऊ पाठीच्या कासवाची अंडी कित्येक महिने मातीत राहतात. गाळपेरीच्या जमिनीत नांगरताना अशी गोल, पांढरी, कठीण कवचाची अंडी उघडी पडली तर ती उलटीपालटी करू नयेत, कारण आतील जीव कवचाच्या वरच्या बाजूस चिकटलेला असतो व अंडे फिरविल्यास मरतो. वरची बाजू वरच ठेवून तीच माती पुन्हा हलक्या हाताने लोटावी, चार काटक्या रोवून खूण करावी, आणि तेवढा हातभर तुकडा त्या हंगामापुरता न नांगरता सोडून द्यावा.